कोंबड्याला पहिली हळद

"चितारी, फुल्या काय बगतंस? कागूद बग."

बाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. त्याआधी आठ दिवस त्या माझ्याकडे नुसत्या बघत होत्या, आणि माझी समजूत अशी की माझ्या कामावर खूश होऊन बघताहेत. माणूस पंचवीस वर्षांचा असला आणि मुंबईच्या चित्रकलेच्या शाळेत दोन वर्षं काढून आलेला असला की त्याला असं बरंच काही वाटत असतं.

साठ सालच्या आगेमागची गोष्ट. पनवेलला एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये आमचा स्क्रीन प्रिंटिंगचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं एवढंच. दोन लांब टेबलं, रंगाचे डबे, आणि छापलेले कागद वाळत घालायला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या सुतळ्या. मालकांना सगळे शेठ म्हणत. पनवेलच्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले, अंगानं भरलेले, मनानं उमदे. फक्त कुणी रिकामा बसलेला दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. छापायला हिराजी आणि गोमा, दोघेही जवळपासच्या गावांतले आगरी. चित्र काढणं, रंग मिसळणं आणि चौकटी लावणं हे माझं काम.

चौकट म्हणजे स्क्रीन. लाकडी चौकटीवर रेशमाची जाळी ताणायची, चित्राचा भाग तेवढा मोकळा ठेवून बाकीची भोकं बुजवायची, वर रंग ओतायचा आणि रबराच्या पट्टीनं ओढायचा. खालच्या कागदावर चित्र उमटतं. एका रंगाला एक चौकट. तीन रंग असले की तोच कागद तीन वेळा तीन चौकटींखालून जातो, आणि तिन्ही वेळा रंग जिथल्या तिथे पडावा लागतो. याला आम्ही जुळणी म्हणायचो. ती चुकली की चित्राचं काय होतं ते आमच्या कोंबड्याला विचारावं.

कोंबडा होता एका पोहेवाल्या गिऱ्हाइकाचा. ते स्वतः पक्के शाकाहारी, पण पोहे सकाळी खातात आणि सकाळ कोंबडा करतो, म्हणून त्यांच्या पोह्यांना कोंबडा छाप. अंग पिवळं, तुरा तांबडा, डोळा आणि शेपटी काळी. पहिल्या खेपेला तुरा मानेवर उतरला आणि डोळा चोचीच्या बाहेर, हवेत. गिऱ्हाईक लेबल हातात फिरवत म्हणाले, "शेठ, हा कोंबडा सकाळी कसा उठणार? हा तर आजारी आहे."

मी काही आळशी नव्हतो. प्रत्येक चित्राच्या चार कोपऱ्यांत बारीक फुल्या काढायचो आणि दुसऱ्या रंगाच्या फुल्या पहिल्यावर बसेपर्यंत चौकट हलवत राहायचो. भिंग लावून बघायचं, चौकट केसभर सरकवायची, चौकट टेबलाला धरणाऱ्या बिजागरीचा स्क्रू पिळायचा, एक कागद छापायचा, बघायचं, स्क्रू सैल करायचा, परत सरकवायची. सकाळी नऊला बसलो की एक रंग लागेपर्यंत जेवणाची वेळ व्हायची. हिराजी आणि गोमा तोवर शेडच्या दाराशी बिड्या ओढत बसायचे, आणि ते बसलेले बघून शेठ आत-बाहेर करायचे. एवढं करून फुल्या जुळायच्या, आणि शंभर कागदांनंतर तुरा पुन्हा मानेवर. माझं खापर रोज नव्या वस्तूवर फुटायचं. कधी रंग पातळ, कधी जाळी ढिली, कधी हिराजीचा हात जड.

तिसऱ्यांदा कोंबडा बिघडला तेव्हा शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाई, मला तुझी मेहनत दिसते. पण आणखी एकदा असं झालं तर मी हे रंगीत काम बंद करणार. एकरंगी काम हिराजी एकटा करतो." म्हणजे माझी गरज नाही, हे त्यांनी बोलायचं टाळलं आणि मी ऐकायचं टाळलं नाही.

बाई आल्या होत्या त्या कागद वाळत घालायला. मूळच्या बेलपाड्याच्या, लेक पनवेलात दिलेली, तिच्याकडे राहायच्या. गुडघ्यापर्यंत कासोटा मारलेलं हिरवं लुगडं, तोंडात मिश्री, आणि आवाज असा की एका टेबलाजवळून हाक मारली तर गिरणीच्या पुढच्या रस्त्यावरचा टांगा थांबावा. हिराजी-गोमा त्यांना आते म्हणायचे आणि वाकून वागायचे. मला कारण कळेना. एकदा गोमाला विचारलं तर तो म्हणाला, "मास्तर, आते धवलारीन हाय. माजा लगीन तिनंच लावला."

आगरी लग्नात प्रत्येक विधीला एकेक धवला, म्हणजे गाणं, असतं. मांडवाचं वेगळं, हळदीचं वेगळं, नवरीला न्हाऊ घालायचं वेगळं. ती सगळी जिला पाठ असतात ती धवलारीण. कशानंतर काय, हे ती गाण्यातून सांगते आणि त्याप्रमाणे सगळे हलतात. "बामन लगीन लावतो," बाई एकदा म्हणाल्या, "पन मांडते मी. लावनारा येगला, मांडनारी येगली."

तर या बाई आठ दिवस सुतळीवर कोंबडे अडकवत गप्प होत्या आणि नवव्या दिवशी मला म्हणाल्या, फुल्या बघू नको, कागद बघ. मी भिंग खाली ठेवलं आणि शक्य तेवढ्या थंडपणे विचारलं, "कागदाचं काय?"

"कागूद कुनाच्या कुशीला बसतो? हिराजी या अंगाला उबा. त्यो कागूद त्याच्या डाव्या कोपऱ्यान ढकलतो. गोमा त्या अंगाला उबा. त्यो बी त्याच्या डाव्या कोपऱ्यान ढकलतो. आता बोल, कागदाचा कोपरा एकच का दोन?"

मी टेबलांकडे वळलो. दोन टेबलं जागेअभावी अशी मांडली होती की हिराजीचं तोंड भिंतीकडे आणि गोमाचं दाराकडे. पिवळा रंग हिराजी छापायचा तेव्हा कागद एका कोपऱ्याला टेकायचा. तांबडा गोमा छापायचा तेव्हा तोच कागद बरोबर समोरच्या कोपऱ्याला. आणि बाजारातला कापणीवाला जे कागद कापून द्यायचा त्यांत एक कागद दुसऱ्याला सारखा नसायचा, कुठे सूतभर जास्त, कुठे कमी. जेवढा फरक तेवढा तुरा खाली. दोन महिने मी फुल्यांना शिव्या घालत होतो आणि दोघे जण आपापल्या डाव्या हाताशी प्रामाणिक राहून माझी नोकरी घालवत होते.

बाईंनी त्याच दिवशी हळदीची पूड पाण्यात कालवून आणली. कागदांचा गठ्ठा नीट ठोकून घेतला आणि त्याच्या एका कोपऱ्यावरून, वरपासून खालपर्यंत, हळदीचं बोट ओढलं. प्रत्येक कागदाच्या कडेला पिवळा ठिपका आला. "ह्यो देवाचा कोपरा," त्या म्हणाल्या. "कुनी बी छापा, कुठं बी उबं रावा, देव आपल्या जाग्याला बसला पायजे. ज्यानं देव फिरवला त्याच्या हातावर मी चिमटा लाल करून ठेवीन."

देवाचा कोपरा ठरला त्या दिवशी कोंबडा अर्धा बरा झाला. उरलेला अर्धा बरा करायला बाईंना आणखी महिना लागला, आणि त्या महिन्यात त्यांनी आम्हा तिघांना जे बोलून घेतलं ते आमच्या आयांनीही कधी बोललं नसेल.

पहिलं, चौकटी. माझ्या चौकटी सगळ्या वेगवेगळ्या मापाच्या होत्या. जशी पट्टी मिळेल तशी ठोकलेली. बाई म्हणाल्या, "तीन सुनांना तीन उंचीची दारं केलीस तर रोज कुनाचं तरी डोकं आपटल." मग त्यांनीच बैलगाडीची चाकं करणाऱ्या एका सुताराला शेडमध्ये आणून उभं केलं. पनवेलच्या गाडीचाकांच्या सुतारांना सूतभर चूक खपत नाही. त्यानं मुरलेल्या सागाच्या एका मापाच्या सहा चौकटी करून दिल्या.

दुसरं, टेकू. मी टेबलाला चारी बाजूंनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून कागद आणि चौकट अडवायचो. बाईंनी त्या टराटर उपटल्या. "चूल किती दगरांची?" मी म्हटलं तीन. "चवथा दगर ठेवलास तर काय व्हतं?" टोप डगमगतो, मी म्हटलं. "मंग?" त्या एवढंच म्हणाल्या. मी रात्रभर त्यावर विचार केला असं म्हणायला आवडलं असतं, पण ते मला तिथेच कळलं. लांब बाजूला दोन खुंट्या आणि आखूड बाजूला एक. तीनच. कागद त्या तिघांना टेकला की तो दुसरीकडे कुठे बसूच शकत नाही. मी चौकटीलाही तशाच तीन खुंट्या केल्या, आणि जाळीवर चित्र चढवतानाही तोच कोपरा, त्याच तीन खुंट्या धरल्या. मग चौकट टेबलावर नेऊन टेकवली की रंग आपसूक जागेवर. भिंगाचं काम संपलं. ते भिंग पुढे हिराजी बिडी पेटवायला वापरायचा.

तिसरं, कागदाचा मुक्काम. बाईंचं बालपण मिठागरावर गेलेलं. हवेत ओल किती आहे हे त्यांना अंगानं कळायचं. बाजारातून गठ्ठा आला की त्या एक कागद काढून गालाला लावायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या. बहुतेक निकाल नापासच असायचा. "ह्यो आजच आयलाय. पावना दारान आयला का लगेच पाटावर बसवतंस काय? त्याला एक दीस राव दे. घराचं वारं लागू दे." मग तो गठ्ठा सुटा करून सुतळीवर टांगायचा, दुसऱ्या दिवशी छापायचा. शेठ चिडायचे, कागद टांगून ठेवायला पाहुणा आहे की गुन्हेगार म्हणायचे. पण खाडीचं दमट वारं लागलेला कागद पहिल्या आणि तिसऱ्या रंगाच्या मधे पसरतो आणि कोंबडा त्याच्याबरोबर पसरतो, हे मी पुढे स्वतः मोजून पाहिलं. गालाचं माप माझ्या मापाशी जुळलं.

आणि मग गाणं. हे मला सगळ्यात जड गेलं. बाईंचं म्हणणं असं की रंग लावणं हे लग्नच आहे. पहिली हळद, मग कुंकू, मग काजळ. पिवळा, तांबडा, काळा. फिका रंग आधी आणि गडद शेवटी हे मला चित्रकलेच्या शाळेत सहा महिने शिकवलं होतं. बाईंना ते शिकवावं लागलं नव्हतं. चौकटींना त्या स्क्रीन कधी म्हणाल्या नाहीत. नवऱ्या म्हणायच्या. "हलदीची नवरी कुठं हाय? आन तिला. काजलाची कोपऱ्यान बसू दे, तिचा येल नाय झाला." चौकट टेबलावर घेताना त्या गायला लागायच्या, लांबच लांब सूर ओढत:

"ये गो हलदी, बस गो हलदी, देवाच्या कोपऱ्यान,
तीन दगरांवर टेक गो हलदी, कोंबऱ्याच्या मांडवान..."

पहिल्या ओळीला चौकट खाली, दुसरीला खुंट्यांना टेकवायची, तिसरीला स्क्रू, चौथीला रंग ओतायचा. कडवं संपलं की पट्टी फिरलीच पाहिजे. मग हळदीच्या जागी कुंकू घालून तेच कडवं, मग काजळ. कुणी पायरी विसरायचा प्रश्नच नव्हता, कारण गाण्यातली ओळ गळली असती. हिराजी-गोमांना ते रक्तातच होतं. मी मात्र ओठ मिटून उभा राहायचो. मी चित्रकार होतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे चित्रकार काम करताना कोंबड्याचं लग्न गात नाहीत.

एक मात्र त्या पहिल्या दिवसापासून बजावत होत्या. मांडव आदल्या दिवशी पडतो. उद्याच्या चौकटी आज धुऊन, रंग आज गाळून, स्क्रू पिळायची फिरकी आज जागेवर. मी सकाळी आल्यावर फिरकी शोधायला लागलो की त्या शेडभर ऐकू जाईल असं म्हणायच्या, "वऱ्हार दारान आयलाय आनि आमचे चितारी मेढ पुरायला खड्डा खनतान!" शेठना हे वाक्य इतकं आवडलं की ते घरी कुणी पाहुणे आल्यावर चहाला उशीर झाला की बेगमसाहेबांना म्हणून दाखवायचे, आणि त्याबद्दल बोलणी खायचे.

अशा तऱ्हेनं जो रंग लावायला अर्धा दिवस जायचा तो चहाचं पाणी उकळायच्या आत लागायला लागला. आणि मग पोहेवाल्यांची मोठी ऑर्डर आली. अक्षय्य तृतीयेला त्यांची नवी गिरणी सुरू होणार होती, त्याच्या आधी सगळी लेबलं हवी होती. शेठनी मला पुन्हा बाजूला घेतलं. "भाई, ही शेवटची." काय शेवटची, ते मला ठाऊक होतं.

कामाच्या दिवशी सकाळी बाई आल्याच नाहीत. गोमानं निरोप दिला, "आतेला बेलपाऱ्याला जावा लागला. थोरल्या दिराच्या नातवाचा लगीन हाय. धवलारीन नाय तर लगीन कसा व्हईल?" चौकटी तयार होत्या, रंग गाळलेले होते, कागद दोन दिवस पाहुणचार घेऊन सुकले होते. आदल्या दिवशी त्यांनीच सगळं मांडून ठेवलं होतं. हिराजी आणि गोमा हळदीची चौकट दोन बाजूंनी धरून उभे राहिले आणि माझ्याकडे बघायला लागले.

"टेकवा की," मी म्हटलं.

"म्हना की," हिराजी म्हणाला.

मी त्यांना समजावलं की गाण्यानं काही होत नसतं, खुंट्यांनी होतं. हिराजी अदबीनं म्हणाला, "व्हय मास्तर. पन हात गान्यावर बसलाय." त्यांनी चौकट टेकवली, स्क्रूच्या आधी रंग ओतला, आणि पहिल्याच कागदावर कोंबड्याला कावीळ झाल्यासारखा डाग पडला. दुसऱ्या खेपेला गोमा देवाचा कोपरा विसरला. तिसऱ्या खेपेला मी शेडचं दार लोटून घेतलं, इकडेतिकडे बघितलं, आणि सुरुवात केली. "ये गो हलदी..."

माझा आवाज म्हणजे तेल न घातलेली बिजागरी. पण चौकट खाली गेली, टेकली, स्क्रू फिरला, रंग पडला, पट्टी ओढली गेली. पिवळा कोंबडा स्वच्छ उमटला. मग थांबलो नाही. हळद झाली, कुंकू झालं, आणि काजळाच्या कडव्यात मी डोळे मिटून चांगला वरचा सूर लावलेला असताना दार उघडलं आणि शेठ पोहेवाल्यांना घेऊन आत आले. चित्रकलेच्या शाळेतला मी, हात वर करून कोंबड्याला काजळ घालत होतो. सुतळीवरचं एक लेबल पोहेवाल्यांनी खाली काढलं. तुरा तुऱ्याच्या जागी, डोळा डोळ्याच्या जागी. ते म्हणाले, "हा उठणार."

संध्याकाळच्या आत सगळं काम संपलं. बाईंचं बोलणं-गाणं शेठनी आजवर गमतीवारी नेलं होतं; ते इतके खूश झाले की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "माशाल्ला! कुठे अर्धा दिवस आणि कुठे हे! ही पद्धत बसवली कुणी?"

आणि मी म्हणालो, "मीच, शेठ."

का म्हणालो? आज इतक्या वर्षांनी उत्तर शोधायला बसलो तर एवढंच सापडतं की ते तोंडाशी आलं आणि गोड लागलं. हिराजी आणि गोमा तिथे होते. दोघांनी माना खाली घातल्या आणि चौकटी धुवायला घेतल्या.

बाई दोन दिवसांनी आल्या. सुतळ्यांवर नजर टाकली, एक कोंबडा जवळ घेऊन बघितला, आणि विचारलं, "धवला कुनी म्हनला?" गोमानं माझ्याकडे बोट केलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. "बाप्या मानूस! धवला!" दिवसभर त्यांना आठवण यायची आणि कागद अडकवता अडकवता त्या थांबून हसायच्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून सगळी कडवी नीट शिकवली, कुठे सूर ओढायचा आणि कुठे दम घ्यायचा ते सांगितलं. ज्या मायेनं सांगितलं त्यानं मला जेवण गेलं नाही.

पुढचं मला दिसायला हवं होतं. चौकट लावायला वेळ लागेना, तेव्हा हिराजी आणि गोमाच्या हातात वेळ उरायला लागला, आणि उरलेल्या वेळात ते स्वतःच कागद वाळत घालायला लागले. शेठच्या नजरेतून असं काही सुटत नसे. एके दिवशी ते मला म्हणाले, "पद्धत तुझी, गाणं पण तुला येतं. मग बाईंना काम काय उरलं? तू सांग त्यांना, तुझं ऐकतील." त्या वेळी एक वाक्य बोलायला हवं होतं, आणि ते वाक्य मी गिळलं.

मला सांगावंही लागलं नाही. बाईंनीच ओळखलं. लुगड्याला हात पुसले, मिश्रीची डबी कनवटीला लावली आणि म्हणाल्या, "मांडव उतरला का धवलारीन घरा जाते. नांदत्या घरान ती कशाला रवल?" चेहऱ्यावर राग नव्हता. हिराजीच्या डोक्यावरून हात फिरवला, गोमाला बायकोची खुशाली विचारली, मला म्हणाल्या, "काजलाला दम कमी परतो तुजा. सांभाल." आणि बेलपाड्याला निघून गेल्या. त्या दिवशी मला माझी जितकी लाज वाटली तितकी त्याआधी कधी वाटली नव्हती.

ज्येष्ठ लागता लागता करंजा बंदरातल्या बोटवाल्यांचं काम आलं. त्यांच्या नव्या संघाचं चित्र, पाच रंगांचं. समुद्र, बोट, मासा, सूर्य आणि वर निशाण. एवढं मोठं काम शेठना कधी मिळालं नव्हतं. मी सुताराच्या सहांतल्या पाच चौकटी तयार केल्या, त्याच तीन खुंट्यांवर. कागद गालाला लावून बघितले. मांडव आदल्या दिवशी घातला. सकाळी शेठ अत्तर लावून हजर. हिराजी आणि गोमा टेबलापाशी आले आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

"चला," शेठ म्हणाले.

"शेट," हिराजी म्हणाला, "ह्यो नवा लगीन हाय. पयला लगीन कोंबऱ्याचा व्हता, त्यो झाला. नव्या लग्नाला धवलारनीला सुपारी द्यावी लागते. घरा जाऊन. तिनं सुपारी घेतली तर लगीन."

"अरे पण गाणं याला येतं ना!" शेठनी माझ्याकडे बोट केलं.

मी घशाला हात लावला आणि फाटक्या आवाजात पुटपुटलो, "घसा बसलाय, शेठ."

शेठ आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांनी समजावलं, ओरडले, अल्लाची आण घातली, हिराजीला घरी जायला सांगितलं. हिराजी खरोखर निघाला आणि गोमा त्याच्या मागे. तेव्हा शेठ खाली बसले, टोपी काढून वारा घेतला, आणि म्हणाले, "सुपारी कुठे मिळते?"

एसटीनं फाट्यापर्यंत आणि तिथून शेताच्या बांधावरून चालत आम्ही बेलपाड्याला गेलो. शेठ पुढे, हातात सुपारी, नारळ आणि नवं लुगडं, अंगात पांढरा सदरा, दर दहा पावलांनी तोल जात होता. मी मागे. बाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आम्हाला बघितलं, उठल्या नाहीत. शेजारच्या कळशीतलं पाणी दिलं. सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "कुनाचा लगीन?"

"पाच रंगांचं," शेठ म्हणाले. त्यांनी सुपारी पुढे केली. "बाई, पद्धत या पोराची आहे हे मला माहीत आहे, पण माझी माणसं तुमच्याशिवाय—"

"पद्धत माझी नाही!" मी ओरडलो. शेजारच्या ओट्यावरच्या बायका वळून बघायला लागल्या. "देवाचा कोपरा बाईंचा, तीन दगड बाईंचे, कागदाचा मुक्काम बाईंचा, सगळं बाईंचं. मी खोटं बोललो शेठ. त्यांचं काम गेलं ते माझ्यामुळे."

शेठ हातातला नारळ सावरून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तुझा घसा बसला होता ना?"

आधी बाई हसल्या. मग शेजारच्या ओट्यावरच्या हसल्या. मी मान खाली घालून उभा होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाईंनी हात धरून मला ओट्यावर बसवलं.

"मना ठाव व्हता," त्या म्हणाल्या. "हिराजीनं सांगला तवाच." मग त्यांनी शेठच्या हातातली सुपारी उचलून पदराच्या गाठीला बांधली आणि माझ्याकडे वळल्या. "येरा हाइस तू चितारी. माज्या आयशीनं मना धवले दिले, तिला तिच्या आयशीनं. कुनी रचले, कुनाला ठाव? धवल्यान रचनारनीचा नाव नसतं. जो म्हनल त्याचा."